चरबीची बाजू

गरिबांची बाजू घेणारी माणसं मी भरपूर पाहिली. त्यातली निम्मी निवडणुकीपर्यंत टिकली. चरबीची बाजू घेणारी मात्र मला एकच बाई भेटली, आणि ती कधी हटली नाही. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. भाईंदरला केबिन रोडच्या मागच्या गल्लीत, आमच्याच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या आणि परळच्या एका प्रयोगशाळेत चरबीच्या पेशींवर काम करायच्या. काय काम करता, असं विचारल्यावर दुसरी कोणी "संशोधन" म्हणून मोकळी झाली असती. मॅडम म्हणायच्या, "चरबी काय बोलते ते ऐकते."

विचारणारा पुन्हा विचारत नसे.

मी स्पष्टच लिहिते. पहिले सहा महिने मला ही बाई वेडी वाटायची. मी तेव्हा बावीस वर्षांची, गिरगावातून भाईंदरला येऊन पडलेल्या कुटुंबातली, आणि पाणी समितीची पत्रकं लिहिणारी. नव्वद सालाच्या पुढची दोन-तीन वर्षं. बिल्डिंग नवी, नळ चकचकीत, आणि नळातून येते ती हवा. चार दिवसांतून एकदा पाणी, तेही अर्धा तास. सायक्लोस्टाइलच्या शाईने माझे हात कायम काळे असायचे आणि माझ्या पत्रकात कोणी नुसता चुकत नसे, जो तो नराधम असायचा.

मॅडमशी ओळख झाली ती पत्रकावरूनच. टँकरवाल्याविरुद्धच्या पत्रकावर मी एक चित्र काढलं होतं. टँकरवाला, त्याचं पिंपाएवढं पोट, आणि पोटावर अक्षरं: "जनतेचं पाणी". पत्रक वाटलं त्याच संध्याकाळी दार वाजलं. दारात एक किडकिडीत बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात दोरीला बांधलेलं गजराचं छोटं घड्याळ, आणि हातात आमचं पत्रक.

"हा फुगा कोणी काढला?"

"मी काढला."

"ह्या टँकरवाल्याला पाहिलंयस कधी?"

"पाहायची काय गरज?"

"मी पाहिलंय. पन्नास किलो भरायचा नाही. पट्टा कमरेला दोनदा फिरतो त्याच्या. पाणी चोरतो तो हाताने. पोटाने तुझं काय वाईट केलंय?"

मी म्हटलं, मॅडम, ते प्रतीक आहे.

"मग दुसरं शोध. चरबी हा अवयव आहे. हृदय आहे, यकृत आहे, तशी चरबी. तू कोणाचं यकृत मोठं काढून त्याला चोर ठरवशील का? लोकांना वाटतं चरबी म्हणजे गोदाम. अगं, ती टपाल कचेरी आहे. तिथे निरोप येतात, तिथून निरोप..." एवढ्यात कुठल्याशा प्रयोगाची वेळ झाली म्हणून गळ्यातलं घड्याळ किणकिणलं. मॅडम वाक्य तिथेच टाकून जिना चढून गेल्या. मी दारात उभी. ते वाक्य त्यांनी चार दिवसांनी भाजीच्या गाडीपाशी पुरं केलं, मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात. "...जातातही. फक्त कोणते ते अजून कोणाला माहीत नाही. भेंडी कशी दिली?"

त्यानंतर माझं प्रत्येक पत्रक छापायच्या आधी मॅडमच्या हाताखालून जाऊ लागलं. मी नेऊन देत नव्हते, त्या जिन्यात गाठायच्या. लाल पेनाने उभ्या-उभ्या वाचायच्या. "हजारो माता-भगिनी" खाली रेघ: मोजल्या का? "संपूर्ण भाईंदर पेटून उठलं आहे": पश्चिमेला विचारलंस? "हा पूर्वनियोजित कट आहे": निव्वळ आळस असण्याची शक्यता तपासली? एकदा मी लिहिलं, "झोपलेल्या प्रशासनाला जागं करू." समासात शेरा आला: "झोप म्हणजे रिकामपण नव्हे. झोपेत यकृत उत्तम काम करतं. यकृताचा अपमान टाळ." समितीतले लोक कुरकुरायला लागले, तुझ्या पत्रकाचा आवाज बसलाय. बसला होता. पण त्याच सुमाराला पाण्याच्या कचेरीतल्यांना आमच्या पत्रकातलं खोटं काढणंही जड जायला लागलं होतं.

विज्ञान त्या कुठेही शिकवायच्या, आणि समोर जे असेल त्याने शिकवायच्या. आमच्या बिल्डिंगमध्ये सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे वॉचमनची हाक. पाणी आलं की तो खालून ओरडायचा, "पानी आया, पानी!" मग प्रत्येक मजल्यावर एक कोणीतरी बाई शेजारची दारं बडवत धावायची, बादल्या निघायच्या, पिंपांची झाकणं वाजायची, चार मिनिटांत बिल्डिंगची जत्रा. मॅडम स्वतःची बादली न लावता कठड्याला टेकून हे सगळं डोळे भरून बघायच्या.

"वॉचमन पाणी आणतो का?" मला म्हणायच्या. "थेंबसुद्धा नाही. नुसती हाक मारतो. आणि तो वर येतो का? नाही. हाक दारापर्यंत, आत धावणारं दुसरंच कोणी. जेवलीस की इन्शुलिन असंच करतं. पेशीच्या बाहेर उभं राहून ओरडतं: साखर आली, दारं उघडा, भरून ठेवा. आत धावाधाव सुरू. चरबीची पेशी साठवायला लागते आणि साठवलेलं द्यायचं बंद करते."

"आणि उपाशी राहिलं तर?"

"वॉचमन गप्प. मग चरबी आपलं पिंप उघडते आणि घराला पुरवते."

"आणि वॉचमन सकाळ-संध्याकाळ ओरडतच बसला तर?"

ह्या प्रश्नावर मॅडमनी माझा गाल इतक्या जोरात ओढला की डोळ्यांत पाणी आलं. "तर लोकांचे कान मरतात. खरंच पाणी आलं तरी दार उघडत नाहीत. आणि साखर रस्त्यावरून वाहत सुटते. तोच मधुमेह, पत्रकवाली. आमच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांना जो प्रश्न दहा वर्षांत पडला नाही तो तुला बादली भरताना पडला."

"पण कान मारतं कोण?"

"मला वाटतं चरबीच. फार फुगली की ती कसला तरी निरोप सोडत असणार, आणि त्यानेच बाकीचे बहिरे होत असणार. पुरावा नाही. म्हणून तुझ्या पत्रकात घालू नकोस."

तोवर पाणी गेलं होतं. त्या आठवड्यात मॅडम आमच्या बाथरूममध्ये आंघोळीला येत होत्या.

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग असायची. लोक चाप मागायचे, कलेजी मागायचे. मॅडम "गुर्द्याभोवतीची चरबी, अजून गरम असलेली" मागायच्या आणि थर्मासमधल्या कोमट मिठाच्या पाण्यात घालून न्यायच्या. दुकानदाराने एकदा विचारलंच, "मॅडम, साबुन बनाती हो क्या?"

"नहीं भाई. बात करती हूँ इससे."

तेव्हापासून तो त्यांना रांगेत थांबवत नसे.

घरी आणून कात्रीने तिचे मोहरीएवढे तुकडे, त्यात प्रयोगशाळेतून आणलेलं, पेशी सुट्या करणारं औषध, मग गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरून हलवत बसायचं, आणि शेवटी जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळायचं. मला त्यांनी काचेचा पेला खिडकीसमोर धरून दाखवला. तळाशी गढूळ गाळ, मध्ये पाणी, आणि वर एक पिवळसर, सायीपेक्षा पातळ थर. "बाकी सगळ्या पेशी बुडतात. ह्या तेवढ्या तरंगतात. ह्यातली एकेक जिवंत आहे. हाक मार, ऐकेल." मी असा थर आजवर थंड झालेल्या रश्श्यावरच पाहिला होता. तरी जरा गलबलल्यासारखं झालं, आणि मटणाच्या चरबीने आपल्याला गलबलवलं ह्याचा मला भयंकर राग आला.

त्यांच्या फ्रिजमध्ये बाटल्यांवर दोनच प्रकारच्या चिठ्ठ्या असायच्या, "खाणे" आणि "न खाणे". माझा धाकटा भाऊ एकदा चुकून "न खाणे" पिऊन आला आणि पांढराफटक पडला. मॅडमनी शांतपणे त्याची नाडी पाहिली. "ताक होतं ते. खाणेच्या चिठ्ठ्या संपल्या होत्या." मग त्याच्या बोटाला सुई टोचून थेंब घेतला, कारण घाबरलेल्या माणसाची साखर बघायची संधी वारंवार येत नाही.

प्रयोगशाळेत त्यांना "तूपवाल्या बाई" म्हणायचे. तळघरातली खोली दिली होती, जिथे दुसऱ्या विभागांची मोडकी कपाटं ठेवायचे. चांगली यंत्रं हृदयवाल्यांना, चरबीवालीला जुनी. हे कळल्यावर माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मोर्चा नेऊ परळला.

"किती लोक येतील?"

"दोनशे."

"दोनशे लोकांना चरबीबद्दल एवढं प्रेम असेल तर मोर्चा राहू दे, मला आधी त्यांचं वजन करायचंय."

पुढे काही वर्षांनी, त्या निवृत्त व्हायच्या जरा आधी, एका दुपारी जिन्यातून धाडधाड आवाज आला. मॅडम अनवाणी खाली धावत येत होत्या, हातात परदेशी मासिकाची झेरॉक्स. "बोलली," म्हणत होत्या, "बोलली गं." अमेरिकेत उंदराच्या चरबीतून निघणारं एक संप्रेरक सापडलं होतं. ते रक्तातून मेंदूपर्यंत जातं आणि सांगतं, साठा भरलाय, आता खाणं पुरे. पुढे त्याला लेप्टिन म्हणायला लागले. मॅडमनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले, आणि ज्यांना मधुमेह होता त्यांच्या हातातून परत घेतले. मी विचारलं, दुसऱ्याच कोणाला सापडलं, वाईट नाही वाटत? म्हणाल्या, "वीस वर्षं मी बंद दाराबाहेर उभी राहून सांगत होते की आत कोणीतरी आहे. आज दार उघडलं. कोणाच्या हाताने, ते काय करायचंय?" मला मात्र वाटलं. मला अजूनही वाटतं. मॅडम आता साताऱ्याला बहिणीकडे असतात आणि बहिणीच्या मांजराला जाड करताहेत, असं त्यांचं पत्र होतं.

पण मला सांगायचंय ते उपोषणाचं. ते ह्या पेढ्यांच्या बरंच आधीचं.

आमच्या बिल्डिंगमागे चाळीस खोल्यांची चाळ होती. तिथपर्यंत पाण्याचा पाइप टाकून तीन वर्षं झाली होती, पण तो मुख्य लाइनला जोडला नव्हता. जोडणीचा एक तुकडा आणि एक सही, एवढ्यासाठी तीन वर्षं. अर्ज झाले, मोर्चे झाले. शेवटी आम्ही चौघं पाण्याच्या कचेरीसमोर बेमुदत उपोषणाला बसलो. मी, एक रिक्षावाला, एक निवृत्त कारकून आणि मथुरामावशी.

मथुरामावशी त्या चाळीतली. मूळची जालन्याकडची, एका शाळेत शिपाई, वजन नव्वदच्या वर. चाळीतल्या बायका तिच्या एका शब्दावर हंडे घेऊन रस्त्यात बसायच्या. पाठीमागे सगळे तिला "खादाड मावशी" म्हणायचे. डब्यात तिच्या एक भाकरी आणि बेसन असायचं, ते बघायला कोणी जात नसे.

रविवारी सकाळी बसलो. दुपारपर्यंत टँकरवाल्याच्या माणसांनी उठवलं की हे लोक पडद्यामागे खातात. निमित्त मावशीचंच होतं. ती सारखी पाणी पीत होती आणि सारखी पडद्यामागच्या मोरीत जात होती. मी पेटले. तिथेच मांडी घालून पत्रक लिहिलं, आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत थोर वाक्य त्यात घातलं: "उद्यापासून रोज सकाळी सर्व उपोषणकर्त्यांच्या लघवीची जाहीर तपासणी करण्यात येईल. जनतेने मोठ्या संख्येने उपस्थित राहावे."

जनता राहिली. एवढी गर्दी आमच्या मोर्च्यालाही कधी झाली नव्हती.

तपासणीला मॅडमशिवाय कोण येणार? त्यांना तर सण होता. चार जिवंत माणसं, उंदरांसारखी एका जागी बसलेली, शेवटचं कधी जेवली ते माहीत असलेली. सोमवारी सकाळी स्पिरिटचा दिवा आणि नळ्या घेऊन आल्या. गर्दीला समजावून सांगितलं. एका नळीत निळं औषध घालून उकळायचं. साखर असेल तर हिरवं, पिवळं, आणि पुष्कळ असेल तर विटेसारखं लाल. दुसऱ्या नळीत, अंगातली चरबी जळायला लागली असेल तर जांभळं कडं उठणार.

माझं जांभळं उठलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लघवीला टाळ्या मिळालेली मी बहुधा पहिली कार्यकर्ती. रिक्षावाल्याचं उठलं, कारकुनांचं जरा फिकट उठलं. मावशीचं उठलंच नाही. आणि तिची निळी नळी उकळता उकळता लालभडक झाली.

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "झाकून ठेव. उपोषणाच्या फळ्यावर काही लिहू नकोस. मला परळला पोचायलाच हवं, उंदरांना दहाचा डोस आहे. संध्याकाळी येते आणि मावशींशी मी बोलते." आणि गेल्या.

आता गर्दी विचारत होती, लाल म्हणजे काय? आणि माझी सगळी तालीम अशी, की जनतेपासून काहीही लपवायचं नाही. आमच्या लोकांचं तर मुळीच नाही. मी खडू घेतला आणि फळ्यावर वीतभर अक्षरांत लिहिलं: "मथुराबाई: साखर लाल. चरबी जळत नाही. ह्या शिस्तभंगाबद्दल समिती जनतेची जाहीर माफी मागते."

मावशीने ते अक्षर-अक्षर लावत वाचलं. मग म्हणाली, "मी खाल्लं न्हाई, पोरी."

"मावशी, नळी खोटं बोलत नाही."

हे वाक्य गर्दीला फार आवडलं. माणसं ते एकमेकांना सांगत घरी गेली. मावशी चटईवर बसून राहिली, पदर तोंडावर ओढून.

संध्याकाळी मॅडम आल्या, फळा वाचला, आणि मला म्हणाल्या, "नळी खोटं बोलत नाही, बरोबर. तिने सांगितलं साखर आहे. खाल्ली, असं तिने सांगितलं का? ते तू जोडलंस." मग मावशीजवळ चटईवर बसल्या आणि सगळं तिला समजावलं, माझ्याकडे पाठ करून. तुमच्या अंगात इन्शुलिन ओरडतंय पण यकृत ऐकत नाही, म्हणून उपाशीपोटीही यकृत स्वतःच साखर करून रक्तात सोडतंय. चरबीला मात्र ती हाक अजून ऐकू येतेय, म्हणून ती आपलं पिंप उघडत नाही, म्हणून जांभळं नाही. म्हणूनच तहान, म्हणूनच सारखं मोरीत जाणं.

"म्हंजे मला रोग हाय?"

"मधुमेह आहे. आणि तो उपाशी बसून जायचा नाही. तुम्ही आत्ता उठायचं, दोन घास खायचे, उद्या दवाखान्यात यायचं माझ्याबरोबर."

"आत्ता उठले तर लोक काय म्हनतील? धरली म्हनून उठली."

"म्हणू देत. जिवाशी खेळ आहे हा."

"बाई, जलमभर लोक माझ्या ताटात बघत आलेत. लग्नाला गेले तर पंगतीत कोपरानं खुणा करत्यात. दोन दिस मी खरंच काई खाल्लं न्हाई. एवढं एक माझ्या नावावर लागू द्या, मग उठते. तवर मी हालायची न्हाई."

मॅडमनी पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता कोणाकडे इतका वेळ पाहिलं असेल. नंतर मला एवढंच म्हणाल्या, "हिला इथून उठवायचं ते आता तुझं काम."

मी खुलासा लिहिला. अख्खा फळा भरून, वॉचमन आणि दारांसकट. लोकांनी वाचला आणि म्हणाले, मॅनेज केलं. तेव्हा मला कळलं की आरोप वीतभर अक्षरांत मावतो आणि खुलाशाला फळा पुरत नाही. चाळीतल्या बायका दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. मावशीची जीभ कोरडी पडलेली, ओठ फुटलेले, मॅडम सकाळीच रजा टाकून तिच्याजवळ बसलेल्या, आणि ती हलत नव्हती.

मंगळवारी दहाच्या सुमाराला पाणीखात्याचे साहेब स्वतः बाहेर आले. काडीसारखा माणूस, कपाळावर ताजं गंध. फळ्यावरचा खुलासा वाचला, हसले, आणि गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उपास काय असतो ते मला विचारा. आज अंगारकी. पहाटेपासून निरंकार आहे मी, पाण्याचा घोट नाही, चंद्र बघूनच जेवणार. आणि हे इथे साखर खाऊन उपोषण करताहेत. असल्यांना काय नळ जोडून द्यायचे?"

मॅडम उठल्या आणि साहेबांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. लोकांच्या माना मागून बघायची त्यांना खोड होती. मानेवर घासूनही न जाणारा काळा, जाडसर पट्टा असला तर आतल्या हाका पोचत नसण्याची शंका घ्यावी, असं त्या सांगायच्या, आणि लग्नात त्या हटकून मागच्या रांगेत बसायच्या. साहेबांच्या कॉलरच्या वर त्यांना हवं ते दिसलं असावं, कारण त्या अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "साहेब, तुमचा उपास पक्का दिसतोय. तुलनेसाठी तुमचाही नमुना मिळाला असता तर बरं झालं असतं. आत कचेरीत करू, फक्त तुम्हाला सांगेन."

"आत कशाला? मला काय लपवायचंय? सगळ्यांसमोर करा."

"सगळ्यांसमोर नको, साहेब."

"नाही, इथेच."

बाटली आली. मॅडमनी दिवा पेटवला. नळी निळी होती. मग कडेने हिरवी झाली. मग पिवळी, मग नारिंगी. साहेब अजून हसतच होते. मग ती मावशीच्या नळीसारखीच लाल झाली, विटेसारखी.

मग मागून कोणीतरी विचारलं, "साहेब, मोदक कुठले होते?" आणि सगळी गर्दी फुटली. साहेबांचा स्वतःचा शिपाई तोंडावर फाइल धरून हसत होता. मी तर जोरजोरात. साहेब म्हणाले, गणपतीची शपथ, मी काही खाल्लं नाही, आणि हशा वाढला. त्यांनी पुन्हा शपथ घेतली. त्यांचा आवाज चिरकला.

"ए, गप बसा," मावशी म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा ती गुडघ्यांवर उठली होती. "दात काय काढायलेत? त्यो मानूस खरं बोलायलाय."

हशा थांबला. साहेब तिच्याकडे वळले. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला कालपास्नं दुसरं काय कळायलंय?"

मग मॅडम गर्दीकडे वळल्या. "आता दोनच गोष्टी शक्य आहेत. एक, साहेबांनी अंगारकी मोडली. दोन, काहीही न खाता नळी लाल होऊ शकते. ह्यातलं खरं कुठलं ते साहेबांनीच सांगावं."

"न खाता होते," साहेब म्हणाले. "काहीही न खाता होते."

"साहेब, मग ह्या बाईंनी खाल्लं का?"

"नाही. नसणार खाल्लं."

मथुरामावशी सरकली आणि तिने चटईवर जागा केली. साहेब बसले. मावशीने विचारलं, "घसा वाळतो का सारखा?" वाळतो म्हणाले. "तळपाय जळत्यात?" जळतात. "दिसायला अंधुक?" चष्मा दोनदा बदलला म्हणाले. दोघं सोयऱ्यांसारखी बोलत होती. मग मावशी म्हणाली, "एवढी तहान काय असती ती ठावं असून आमचा नळ तीन वर्सं कोरडा ठिवला व्हय, साहेब?"

साहेबांनी तिथेच शिपायाकडून फाइल मागवली. सही केली. गुरुवारी माणसं येतील म्हणाले. शुक्रवारी आली, पण आली. दोघांनाही उद्या दवाखान्यात न्यायचं मॅडमनी तिथेच ठरवून टाकलं, साहेबांना न विचारता.

समितीवाल्यांनी मोसंबीच्या रसाचे चार ग्लास तयार ठेवले होते. आम्हा तिघांचे रिकामे झाले. मावशीचा ग्लास मॅडमनी उचलून रिक्षावाल्याला दिला आणि स्वतः समोरच्या डेअरीतून पातळ ताक घेऊन आल्या. मावशीने ग्लासाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ताक घेतलं नाही.

मला कळलं. मी पिशवीतून कागद काढला, चार ओळी लिहिल्या आणि उभी राहून वाचल्या. "मथुराबाईंनी काहीही खाल्लं नव्हतं. त्यांना आजार आहे, तो मला समजला नाही. त्यांना न विचारता मी फळ्यावर लिहिलं. ही चूक समितीची नाही, माझी आहे." चार ओळींत एकही नराधम नव्हता, आणि एवढं अवघड पत्रक मी त्याआधी लिहिलं नव्हतं.

मॅडमनी ग्लास पुढे केला. मावशीचा हात मांडीवरच.

"अजून काय, मावशी?" मी विचारलं.

"मोठ्यानं वाच, पोरी. फळ्यावर लिवलं तवा अक्षर एवढालं काढलं होतंस."

मॅडम ग्लास धरून उभ्याच होत्या. साहेब चटईवर बसून ऐकत होते. मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली, रस्त्यापलीकडच्या दुकानांपर्यंत जाईल एवढ्या आवाजात. तिसऱ्या ओळीला मावशीने हात पुढे केला.